खळ, नवसागर आणि वीज

वनस्पतींच्या स्टार्चपासून वीज वाहून नेणारे प्लास्टिक करण्याविषयी हल्ली बरेच लिहिले आणि बोलले जाते. त्या सगळ्याच्या बुडाशी एक समज घट्ट बसला आहे. स्टार्च मुळात विद्युतरोधक, म्हणून त्यात काजळी, ग्राफीन, कार्बनच्या नॅनोनलिका किंवा पॉलिअॅनिलीनसारखे वाहक बहुवारिक मिसळावे. पाणी शोषून घेण्याची त्याची खोड मोडावी. वाहकता धातूच्या जितकी जवळ जाईल तितके यश मोठे. आणि मूळ माल मक्यातून किंवा टॅपिओकातून आलेला असल्यामुळे काम संपले की वस्तू मातीत जिरून जाईल. समर्थक हे आशेने सांगतात. टीकाकार हीच मोजपट्टी घेऊन स्टार्चला निकालात काढतात. तांब्यापुढे याची काय मातब्बरी, पावसाळ्यात लिबलिबीत होतो, उन्हाळ्यात तडकतो, विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलापलीकडे त्याला भवितव्य नाही, असे ते म्हणतात. दोघांचे निष्कर्ष उलटे असले तरी पाया एकच आहे. विद्युतवहन म्हणजे इलेक्ट्रॉनांचे वहन आणि पाणी म्हणजे शत्रू, ही दोन गृहीतके दोघांनीही तपासल्याशिवाय मान्य केलेली आहेत. माझा आक्षेप त्या पायालाच आहे.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, आणि हा पूर्वपक्ष दुबळा नाही. १९७७ साली हिदेकी शिराकावा, अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीनच्या पातळ पडद्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. प्लास्टिक वीज वाहून नेत नाही, हा रसायनशास्त्रातला जुना सिद्धान्त त्या प्रयोगाने मोडीत निघाला. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना त्यासाठीच मिळाले. मग पूर्वपक्षी विचारतो, पेट्रोलियमच्या बहुवारिकाला जे साधले ते वनस्पतीच्या बहुवारिकाला का साधू नये? शिवाय आयोडीन तर स्टार्चचा जुना सोबती. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचे थेंब टाकले की गडद निळा रंग येतो, म्हणजे दोघांची काहीतरी घट्ट जोडणी होते, हे प्रत्येकाने पाहिलेले आहे.

प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर रेणूच्या रचनेत सापडते. पॉलिअॅसिटिलीनच्या साखळीत कार्बनच्या अणूंमध्ये एकआड एक द्विबंध असतात. त्यांतले इलेक्ट्रॉन एकाच अणूला बांधलेले नसतात, साखळीच्या लांबीवर पसरलेले असतात. आयोडीन त्यातले काही इलेक्ट्रॉन काढून घेतो, जागा रिकामी होते आणि उरलेल्यांना सरकायला वाट मिळते. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची माळ. कडी कडीला ऑक्सिजनच्या साध्या एकेरी बंधाने जोडलेली. तिथे इलेक्ट्रॉनांना पसरायला रस्ताच नाही आणि कितीही आयोडीन दिला तरी तो तयार होत नाही. निळा रंग येतो तो स्टार्चमधल्या अॅमायलोज या घटकाच्या मळसूत्री साखळीच्या पोकळीत आयोडीनचे अणू ओळीने बसतात म्हणून. त्या जोडणीत स्टार्च हे नुसते आवरण असते. साखळी तशीच्या तशी रोधकच राहते. तेव्हा पॉलिअॅसिटिलीनचा दाखला स्टार्चला लागू पडत नाही. इलेक्ट्रॉन वाहायचे असतील तर ते स्टार्चमधून वाहणार नाहीत, त्यात मिसळलेल्या दुसऱ्या पदार्थातूनच वाहतील.

इथे पूर्वपक्षी मिश्रणाकडे वळतो. काजळीचे कण स्टार्चमध्ये विखुरले की एका ठरावीक प्रमाणापर्यंत फारसे काही घडत नाही. त्या प्रमाणापलीकडे कण एकमेकांना टेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग साखळ्या तयार होतात आणि वाहकता एकदम उसळी घेते. सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमरस्ली यांनी १९५७ मध्ये सच्छिद्र पदार्थातून द्रव कसा झिरपतो याचे जे गणित मांडले, तेच इथेही चालते. गोल कणांसाठी हा उंबरठा आकारमानाच्या सुमारे १६ टक्क्यांवर येतो. नॅनोनलिका लांब आणि बारीक असल्यामुळे त्यांचा उंबरठा एका टक्क्याच्याही खाली जाऊ शकतो. हे सगळे खरे आहे. पण अशा पदार्थात वीज काजळी वाहते, स्टार्च फक्त काजळीला धरून ठेवतो. आणि धरून ठेवण्याचे काम तो चांगले करत नाही, कारण हवेतली ओल शोषून तो फुगतो. फुगला की काजळीचे टेकलेले कण सुटतात, साखळ्या ठिकठिकाणी तुटतात आणि रोध बदलतो. असे पडदे आर्द्रता मोजण्यासाठी सुचवले जातात ते याच कारणाने. तो उपयोग योग्यच आहे. पण हवा बदलली की ज्याचा रोध बदलतो, त्याला तारेच्या जागी बसवायचे म्हणणे टिकणारे नाही.

आता मातीत जिरण्याचा दावा. प्लास्टिक कंपोस्ट होते की नाही हे ठरवणाऱ्या आयएसओ १७०८८ या मानकाची मुख्य अट अशी, की कंपोस्टच्या नियंत्रित उष्णतेत १८० दिवसांच्या आत पदार्थातल्या सेंद्रिय कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डाय ऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडावा. स्टार्चच्या वजनात कार्बन सुमारे ४४ टक्के असतो, काजळी मात्र जवळजवळ निव्वळ कार्बन. म्हणून वजनाने पाचवा हिस्सा काजळी घातलेल्या पदार्थात, एकूण कार्बनचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काजळीचाच असतो. सूक्ष्मजीव स्टार्च खातात, काजळी खात नाहीत. स्टार्च गेल्यावर मागे काळी पूड राहते. काजळी मातीला फारशी बाधत नाही, असे कोणी म्हणेल. मग त्याने ‘बाधत नाही’ असा दावा करावा आणि तो सिद्ध करावा. ‘जिरून जाते’ हा दावा वेगळा आहे आणि तो या पदार्थाला लागू होत नाही. स्टार्च हा शब्द वर छापून काजळीची जबाबदारी झाकली जाते, ही मला या सगळ्या चर्चेतली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते.

ई-कचऱ्यावरचा उपाय म्हणूनही हे प्लास्टिक पुढे केले जाते. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांच्या आसपास कचऱ्याच्या रीतसर पुनर्वापराची नोंद आहे. चिंता रास्तच आहे. पण भंगारवाला जुना रेडिओ किंवा मोबाइल का उचलतो, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यातल्या तांब्यासाठी, कथलासाठी, सोन्याच्या मुलाम्यासाठी. धातूला भाव आहे म्हणून ती वस्तू गोळा होते. तांब्याच्या जागी काजळी-स्टार्च आला तर वस्तूत उचलण्यासारखे काही राहणार नाही, आणि जी वस्तू कोणी उचलत नाही ती उकिरड्यावरच पडते. तांबे टिकाऊ आहे, कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येते. त्याची जागा घेण्याची खटपट पर्यावरणाच्या दृष्टीनेही उलटी पडेल.

हे झाले खंडन. पण मला स्टार्चची बाजू सोडायची नाही, त्याच्या समर्थकांची चुकलेली वाट सोडायची आहे.

वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनच लागतात असे नाही. विद्युतभार असलेला कोणताही कण सरकला तरी वीज वाहते. मिठाच्या पाण्यात सोडियम आणि क्लोरीनचे आयन सरकतात. आपल्या मज्जातंतूंमधून संदेश जातो तो सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनांच्या हालचालीने. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी १९५२ मध्ये त्याचे गणितच मांडून दाखवले. १९७० च्या दशकात पीटर राइट यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड या घन बहुवारिकात क्षार विरघळवून त्यातून आयन सरकतात हे दाखवले, आणि १९७८ मध्ये मिशेल आर्मां यांनी अशा पदार्थाचा बॅटरीत उपयोग सुचवला. तिथले रहस्य साखळीतल्या ऑक्सिजनमध्ये आहे. तो धन आयनाला सैलसर धरतो, साखळी हलली की सोडतो, पुढचा ऑक्सिजन धरतो.

स्टार्चमध्ये हा ऑक्सिजन ठासून भरलेला आहे. ग्लुकोजच्या प्रत्येक कडीला तीन हायड्रॉक्सिल गट, शिवाय कड्यांना जोडणारा ऑक्सिजन वेगळा. आयनांना धरायला जागा हव्या तितक्या आहेत. अडचण आहे ती साखळी हलण्याची. हेच हायड्रॉक्सिल गट एकमेकांना हायड्रोजन बंधांनी जखडून टाकतात. कुरडईचा चीक गरम असतो तोवर लवचीक असतो आणि उन्हात वाळला की काचेसारखा मोडतो, तीच ही गोष्ट: पाणी गेले की साखळ्या जखडल्या. ग्लिसरिनचे रेणू या साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि बंध सैल करतात. पाणीही तेच करते, किंबहुना ग्लिसरिनपेक्षा सरस करते. साखळ्या सैल झाल्या की त्यांच्या आधाराने आयन सरकू लागतात. म्हणजे ज्या ओलीला समर्थक आणि टीकाकार दोघेही दोष म्हणतात, तीच स्टार्चमधल्या विद्युतवहनाची अट आहे. ओल काढून टाकून स्टार्चला वाहक करू पाहणारा माणूस त्यातले वहन काढून घेतो आणि मग ते कमी पडले म्हणून काजळी भरतो.

याचा पुरावा शोधायला नव्या प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. तो टॉर्चच्या सेलमध्ये आहे. १८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे यांनी जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे पाणी यांचा विद्युतघट तयार केला. तो काचेच्या भांड्यात होता, आडवा केला की सांडायचा. १८८६ मध्ये कार्ल गासनर यांनी नवसागराच्या द्रावणात प्लास्टर ऑफ पॅरिस कालवून तो घट्ट केला. पुढे प्लास्टर गेले आणि त्याच्या जागी गव्हाचे पीठ आणि मक्याचा स्टार्च आला. नवसागर आणि जस्ताचे क्लोराइड यांच्या द्रावणात पीठ-स्टार्च शिजवून केलेली खळ जस्ताच्या डब्याच्या आतल्या भिंतीलगत भरत. जस्ताचे क्लोराइड दाट असेल तर स्टार्च न तापवताही फुगून घट्ट होतो, म्हणून काही कारखाने ही खळ थंडच जमवत. विसाव्या शतकातल्या कितीतरी पिढ्यांनी याच खळीच्या आधाराने अंधारात रस्ता पाहिला, ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकल्या. नंतर खळीच्या थराऐवजी स्टार्चचा लेप दिलेला कागद आला, पण काम तेच राहिले.

या सेलची रचना नीट पाहिली तर आजच्या वादाचा निकाल तिच्यातच आहे. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा गोळा. तो गोळा वीज चांगली वाहत नाही म्हणून त्यात काजळी मिसळलेली. तिथे इलेक्ट्रॉन हवे होते, तिथे काजळी घातली. त्याच्याबाहेर स्टार्चची खळ. तिथे फक्त आयन हवे होते, म्हणून तिथे काजळीचा कणही चालत नव्हता. ती काजळी खळीत उतरली असती तर दोन्ही ध्रुव आतल्या आत जोडले जाऊन सेल कामातून गेला असता. सेल करणाऱ्यांनी दोन पदार्थांना दोन वेगळी कामे दिली होती. आज आपण काजळी स्टार्चमध्ये ढवळून एकाच पडद्याकडून दोन्ही कामे मागतो आणि कोणतेच धड होत नाही म्हणून स्टार्चला बोल लावतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. खळ म्हणजे प्लास्टिक नव्हे, ती तर पाण्याने भरलेली लापशी. उलट, स्टार्चचा क्षारयुक्त पडदा वाळवून, ग्लिसरिन घालून करतात आणि त्याची वाहकता साधारण ०.०००१ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आगेमागे असते. तांब्याची सुमारे ६ लाख. तांबे सहाशे कोटी पट सरस! अशा पदार्थाला वाहक तरी का म्हणावे?

या आकड्याला बिचकण्याआधी थोडा हिशेब करू. या पडद्याच्या पदार्थाची १० सेंटिमीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाची तार केली तर तिचा रोध होतो एक कोटी ओम. तांब्याच्या तेवढ्याच तारेचा रोध एका ओमच्या हजारांश भागाच्या आसपास. तार म्हणून स्टार्च निरुपयोगी, यात वाद नाही. आता तोच पदार्थ ०.१ मिलिमीटर जाडीचा पडदा म्हणून घ्या, दोन्ही बाजूंना एक चौरस सेंटिमीटरच्या पट्ट्या लावा आणि वीज पडद्याच्या जाडीतून आरपार जाऊ द्या. रोध १०० ओम. पट्टी शंभर चौरस सेंटिमीटरची केली तर एक ओम. पदार्थ तोच, वाहकता तीच. बदलला फक्त त्याला दिलेला आकार आणि नेमून दिलेले काम. विद्युतघटात आणि महाधारित्रात (सुपरकपॅसिटरमध्ये) दोन पट्ट्यांच्या मध्ये असाच पातळ, पसरट, इलेक्ट्रॉनांना अडवणारा आणि आयनांना सोडणारा पडदा लागतो. तांबे तिथे कुचकामी आहे, त्याने दोन्ही बाजू जोडल्याच जातील.

प्रदर्शनांमध्ये दाखवल्या जाणाऱ्या प्रयोगाबद्दलही इथेच बोलले पाहिजे, कारण त्यातून चुकीचा समज पक्का होतो. स्टार्च, पाणी, ग्लिसरिन, थोडे व्हिनेगर आणि मीठ शिजवून पडदा करतात, त्याला तांब्याच्या पट्ट्या लावून नऊ व्होल्टची बॅटरी जोडतात आणि एलईडी लागतो. टाळ्या पडतात. पण एलईडी लागला म्हणजे पडद्याने तारेचे काम केले असे होत नाही. एकाच दिशेने जाणारी वीज दिली की आयन पट्ट्यांपाशी जाऊन थबकतात, दाटी करतात, प्रवाह उतरत जातो. १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचे विघटन सुरू होऊ शकते. धन बाजूच्या तांब्याचे आयन पडद्यात उतरतात आणि तिथे हिरवट-निळा डाग दिसतो. म्हणजे पडदा आणि पट्ट्या दोन्ही खर्ची पडत असतात. साध्या मल्टिमीटरवर अशा पडद्याचा रोध मोजला तर आकडा डोळ्यांदेखत चढत जातो, तो याच दाटीमुळे. यासाठी दिशा बदलणारी वीज वेगवेगळ्या वारंवारतेला देऊन मोजमाप करावे लागते. मुलांना हा प्रयोग जरूर करू द्यावा. त्यांना एलईडीबरोबर तो हिरवा डागही दाखवावा आणि तो का आला हे विचारावे, कारण त्या पडद्यात खरोखर काय चालले आहे याचे उत्तर डागात आहे.

ओलीचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. जुलैतल्या रत्नागिरीत आणि मे महिन्यातल्या नागपुरात एकच उघडा पडदा वेगवेगळा वागेल, आणि वाहकतेतला फरक अनेक पटींचा असेल. दमट हवेत बुरशीही धरेल. शिवाय काही आठवड्यांत स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून स्फटिकरूप होऊ लागतात आणि पडदा ताठरतो. पण याचे उत्तरही जुन्या सेलने दिलेले आहे. त्याचे तोंड डांबराने बंद करत, आतली ओल आत राहावी म्हणून. पूर्वपक्षी ओल पडद्यात शिरू नये म्हणून स्टार्चची रसायनेच बदलू पाहतो. जपायची आहे ती ओल. पडद्याला बंद घर दिले तर रत्नागिरी आणि नागपूर यांचा फरक उरत नाही. स्टार्चची निवडही इथे महत्त्वाची ठरते. अॅमायलोज जास्त असेल तर पडदा मजबूत होतो. स्टार्चचा दुसरा घटक अॅमायलोपेक्टिन, त्याच्या फांद्या साखळ्यांना व्यवस्थित रचू देत नाहीत आणि हा अव्यवस्थितपणा आयनांना मानवतो. बटाट्याच्या स्टार्चमध्ये तर अॅमायलोपेक्टिनला मुळातच फॉस्फेट गट चिकटलेले असतात आणि त्यांच्यासोबत धन आयनही येतात. कोणता स्टार्च कोणत्या कामाला, हा प्रश्न काजळी किती टक्के यापेक्षा मला कितीतरी अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

जिथे पडद्याला बंद घराचीही गरज नाही अशी कामेही आहेत. इलेक्ट्रॉनिक भागांच्या वेष्टनावर स्थिर वीज साचू नये म्हणून पृष्ठभागाचा रोध दहा हजार ओमपासून दहा हजार कोटी ओमपर्यंत चालतो. हा पल्ला इतका सैल आहे की ओलसर स्टार्चला काजळीची मदत लागतच नाही. १९९० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत खोक्यात भरायला स्टार्चचे फुगवलेले तुकडे वापरतात. थर्मोकोलचे दाणे हाताला, कपड्याला चिकटतात. हे चिकटत नाहीत, कारण त्यांच्यावर भार साचतच नाही. त्वचेवर लावायच्या तात्पुरत्या इलेक्ट्रोडलाही स्टार्च योग्य. शरीराची वीज आयनांची असते, तिला आयनांचाच दुवा सोयीचा पडतो, आणि असा इलेक्ट्रोड थोडा वेळ टिकला तरी पुरतो.

अन्न की प्लास्टिक, हा आक्षेप लवकर संपवता येतो. पोत्यांच्या हिशेबाने लागणाऱ्या कॅरीबॅगेबाबत तो खरा आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या पडद्याबाबत नाही. सेलम परिसरात साबुदाण्याचे कारखाने टॅपिओकाचा जो चोथा बाहेर टाकतात, त्यातही स्टार्च उरलेला असतो.

खरी अडचण वेगळीच आहे आणि समर्थकांनी तिच्याकडे पाठ फिरवलेली आहे. ती म्हणजे क्षार. काजळी काढली, पण तिच्या जागी कोणता क्षार घालणार? चांगली वाहकता मिळते म्हणून अनेक प्रयोगांत लिथियम परक्लोरेट वापरतात. परक्लोरेट पाण्यातून शरीरात गेले तर थायरॉइडच्या आयोडीन घेण्यात अडथळा आणते. असा पडदा कंपोस्टमध्ये टाकणे धोक्याचे. मीठ स्वस्त आणि निरुपद्रवी वाटते, पण सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड झालेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना सोडियम मातीचे काय करतो हे वेगळे सांगायला नको. जस्ताचे क्लोराइड सेलच्या बंद डब्यात ठीक आहे, मोठ्या प्रमाणात शेतात नाही. उरतात पोटॅशियमचे क्षार. पोटॅशियम क्लोराइड तर खताच्या पोत्यातून म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणून शेतात जातेच. स्टार्च, ग्लिसरिन आणि पोटॅशचा क्षार यांचा पडदा खरोखर मातीत जिरेल आणि मागे राहील ते पिकाच्या उपयोगाचे असेल. त्याची वाहकता लिथियमच्या पडद्याहून कमी भरली तरी तो पातळ आणि रुंद करता येतो, हे वरच्या हिशेबात आलेच आहे. काजळीची टक्केवारी वाढवण्यात जी मेहनत खर्च होते आहे, तिचा काही हिस्सा तरी या पडद्याकडे वळावा. त्याचे मोजमाप प्रसिद्ध करताना हवेतली आर्द्रता, दिलेल्या विजेची वारंवारता आणि पडद्याचे वय या तीन गोष्टी वाहकतेच्या आकड्याशेजारी छापाव्यात. त्यांच्याशिवाय तो आकडा मोठा की लहान, हे सांगता येत नाही.